बिवळ्याचा पेला

दादा,

बाबांना दवाखान्यात ठेवून घेतलंय. मी घरी कपडे न्यायला आले होते, तू येशील म्हणून ही चिठ्ठी ठेवून परत निघाले. पायाचा अंगठा काळा पडलाय, उद्या काढणार आहेत.

तुझ्यापासून लपवलेलं आता सांगते. बाबांनी मधुमेहावर उपाय म्हणून बिवळ्याच्या लाकडाचा पेला घडवला होता ना, त्यात मी रोज पाणी भरून ठेवायचे. सकाळी ते तांबूस झालेलं पाणी पिऊन त्यांना वाटायचं, साखर उतरली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गोळ्या सोडल्या. "दादाला सांगू नकोस, उगाच डोकं खाईल," म्हणाले. तू फोनवर विचारलंस तेव्हा गोळ्या चालू आहेत असं मीच सांगितलं. मला त्यांचा शब्द मोडवला नाही.

कपाटावर गोळ्यांची न फोडलेली पाकिटं आहेत, ती घेऊन ये. डॉक्टरांना दाखवायची आहेत.

बाबा शांत आहेत. "लाकडावर रंधा काय मी पायाने मारतो?" असं म्हणून उलट मलाच धीर देतात. तू त्यांच्यावर चिडू नकोस. मला बोलायचं ते बाहेर जिन्यात बोल. त्यांच्या कानावर गेलं तर माझंही खोटं ते स्वतःवर घेतील.

छोटी