एरॉलचे गुणगुणणे

गास,
४ नोव्हेंबर २०२५

चि. मेलिसास,
व्हॅलेरियनमामाचे अनेक आशीर्वाद.

तळव्याला दुसऱ्याने गुदगुल्या केल्या तर आपण लोळतो. स्वतः केल्या तर काहीच का होत नाही? फोनवर तू नुसते हुंकार भरतेस, म्हणून सविस्तर लिहितो. हात हलवताना मेंदू स्वतःला आधीच कळवून ठेवतो की ही हालचाल माझीच. म्हणून तो स्पर्श फिका पडतो. मनातल्या मनात बोलतानाही अशीच सूचना जात असावी, असा काही शास्त्रज्ञांचा कयास आहे. तुझ्या भावाच्या आजारात, स्किझोफ्रेनियात, ती सूचना चुकत असावी. मग मनातलेच बोलणे परक्याचे भासते. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले, तरी या अदृश्य व्यवस्थेपुढे मी आजही थक्क होतो.

यात ना करणी, ना आईबापांची चूक. बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता एरॉलच्या गोळ्या थांबवू नका. आणि तुझ्या लग्नाच्या दिवशी त्याला लग्नाला न आणता माझ्या घरी धाडण्याचा बेत कुणाचा, ते कळव.

आहे ती माया वाढती ठेव.
तुझा मामा

सांडोर,
९ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून पप्पांनी स्वतःलाच गुदगुल्या करून पाहिल्या. मम्मी हसून दमली. गोळ्या चालू आहेत.

बेत बर्थाआत्याचा. चर्चचे गायनमंडळ तीच चालवते. एरॉल सतत गुणगुणतो, ते ऐकून नवऱ्याकडची, जेसनच्या घरची माणसे लग्न मोडतील, असे तिला वाटते. तिने त्याला मंडळातून काढले. भीतीने मीही मान डोलावली होती.

काल मी एरॉललाच विचारले. तो म्हणाला, आवाज टोमणे मारू लागले की तो गुणगुणतो. मग ते मंदावतात. मामा, आम्ही त्याचा आधारच काढून घेत होतो! मी जेसनला सगळे सांगितले. तो म्हणाला, त्याच्या काकांचे घोरणे सोसणाऱ्या घराला सुरातले गुणगुणणे जड नाही. भावाशिवाय मी वेदीपुढे उभी राहणार नाही. पण आत्या हटत नाही. तुम्हीच तिला लिहा.

तुमची लाडकी, हट्टी
मेलिसा

गास,
१३ नोव्हेंबर

सौ. बर्थाबाईंस,
स. न. वि. वि.

आपली काळजी मायेपोटीच आहे, हे जाणून लिहितो. आवाज ऐकू येत असताना काही रुग्णांच्या ओठांचे वा गळ्याचे स्नायू सूक्ष्म हलतात, असे आढळले आहे. गुणगुणल्याने ते स्नायू गुंततात आणि काहींचे आवाज मंदावतात. गोळ्यांची जागा ते घेत नाही, जोड मात्र देते. कुणीही न सांगता एरॉलने हा उपाय शोधला, तोही तुम्ही शिकवलेल्या सुरांतून! बाई, मला याचे केवढे नवल वाटते!

मेलिसाच्या लग्नात त्याला मंडळात उभे करावे, ही विनंती. निर्णय सर्वस्वी आपला. विहीणबाईंशी भांडायची वेळ आलीच, तर मी तुमच्या बाजूने.

स्नेह आहे तसाच राहू द्यावा.
आपला,
व्हॅलेरियन

ता. क. हे वाक्य ओठ न हलवता वाचा. मनात एक आवाज उमटला ना? मी तर इथे गासला आहे, आणि तुमच्या खोलीत दुसरे कुणी नाही. तो आवाज परका नव्हे, हे तुम्हांला कुणी सांगितले?