मेमरी वाढवली, तरी डावं वळण

बाबा,

लॅपटॉपला जास्तीची मेमरी बसवली आहे. दुकानदार म्हणाला तेच खरं निघालं. गेम मध्येच अडखळायचा, तो आता अडखळत नाही. चित्र मात्र फार सुधारणार नाही, ते ग्राफिक्स कार्डाचं काम. तेव्हा हरल्यावर नातीला पुन्हा "माझा लॅपटॉप म्हातारा झालाय" असं सांगू नका.

सकाळी तुम्ही फिरायला गेलात तेव्हा मी स्वतः शर्यत खेळून पाहिली. डाव्या वळणावर लॅपटॉप कुठेही अडत नाही. काल मात्र मेमरी बसवल्यावरही तुमची गाडी दर फेरीला डावीकडच्या कठड्यावर जाऊन आपटली, आणि तुम्ही म्हणालात, "कठडा होता कुठे?" नात हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी न्यायला येते. कुरकुर चालणार नाही.

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

आपल्या खऱ्या गाडीच्या डाव्या दाराला पोचा आलाय. तो कशाने आला, हे मी विचारलेलं नाही. चावी खुंटीवर शोधत बसू नका. मी घेऊन चालले आहे.