दोन विटा

बालाघाट, शुक्रवार

प्रिय सरू,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे लिहून माझ्या अनुरागजवळ देते आहे. तो गाडी घेऊनच वारासिवनीला येतो आहे. चष्मा लावून स्वतः वाच, मयुरीला वाचायला देऊ नकोस. तुझ्या सुनेपुढे माझी थोडी अब्रू राहू दे.

परवा अंगणात सडा टाकताना तू पडलीस. आपणच टाकलेल्या सड्यावर घसरायचं, हे तूच करू जाणे! मयुरी म्हणाली, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलं आहे. तेव्हाच मी समजले, खुब्याचं हाड. एक्स-रे निघाला, डॉक्टरांनी दोन दिवसांत ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं, आणि तू मात्र हट्टाने घरी परतून लामत्याच्या हाडवैद्य महागूची वाट पाहत पडली आहेस. तो लेप लावेल, बांबूच्या कामट्या बांधेल. लोकांची मनगटं त्याने बसवली असतील, मी त्याला नावं ठेवत नाही. पण खुब्याचं हाड मांसात इतकं खोल असतं की ते त्याच्या हाताला लागायचंच नाही.

माझं आठव. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. मी जागी होते, सुताराच्या दुकानात असावी तशी ठोकाठोक ऐकत होते. मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. दुसऱ्याच दिवशी व्यायाम करवणारी मंजू आली नि म्हणाली, "मावशी, उठा. डरू नका, मी पकडून राह्यली ना." मनातल्या मनात तिला लाखोली वाहिली आणि उभी राहिले. आता मांडी घालता येत नाही, पाटावर जेवता येत नाही, संडासाला खुर्ची लागते. पण वॉकर धरून फाटकापर्यंत जाते आणि भाजीवाल्याशी मनसोक्त भांडते.

तेव्हा तुला नवल वाटलं होतं, की मी ऑपरेशनच्या कागदावर इतक्या झटकन सही कशी केली. ताई, तू धीट, असं म्हणालीस. धीट कसली मी!

काल फोनवर तू रडत म्हणालीस, "मले कापू नोका. आईले कोणं कापलं होतं? तुह्या हातची सेवा घेऊन शांत गेली थे." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

पंचवीस वर्षं झाली त्याला. आपल्याला भाऊ नाही, बाबांच्या मागे आई माझ्याकडेच होती. तू रविवारी यायचीस. खुबा मोडल्यावर ताण द्यायला तिच्या पायाला पट्टी, पट्टीला दोरी आणि दोरीला पलंगाच्या पायथ्याशी लोंबणाऱ्या दोन विटा, एवढं तुला दिसायचं. तू यायच्या आधी मी तिची वेणी घालायची, चादर बदलायची, उदबत्ती लावायची. पाठीच्या जखमांचा वास तुला येऊ नये म्हणून. तीन महिने ती कुशीवर वळली नाही, शेवटी छातीत कफ भरला. ती शांत गेली नाही, सरू. आणि भेटायला येणारा जो तो म्हणायचा, सेवा करावी तर आशालतानं. मला ते ऐकायला आवडायचं.

आता खरं सांगते. आई पडली त्याच दिवशी डॉक्टरांनी नागपूरला नेऊन ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. टेबलावरच गेली तर लोक मला बोल लावतील, याची भीती वाटली. तुला मात्र सांगितलं, की या वयात काही करता येत नाही म्हणून डॉक्टरांनीच हात टेकले. विटा मीच आणवल्या. दोरी बांधताना आईनं विचारलं होतं, "मी चालंन ना वं, आशा?" मी हौ म्हटलं. हे मी मरेपर्यंत पोटात ठेवणार होते, पण तू माझ्याच खोट्याचा आधार घेऊन अंथरुणाला खिळून बसली आहेस. अनुराग दारात उभा आहे, त्याच्याबरोबर ये आणि सही कर. नंतर मला तुझ्या घरात घेऊ नकोस, मी तक्रार करणार नाही. पण मला दारातून परत पाठवायला तू स्वतःच्या पायांनी दारापर्यंत चालत ये.

तुझीच,
आशाताई