सिंहीण जवळून पाहिली

मोंबासा,
१२ फेब्रुवारी १९७३

गिरिधरच्या बाबांले इंदूचा दंडवत.

आम्ही मजेत आहो. जहाजात मले एकदाही उलटी झाली नाही. लकडगंजच्या टालीवर लाकूड आलं काय? औषध वेळेवर घेत जा.

काल जहाजवाल्यांनी मोटारीनं सिंहाच्या रानात नेलं. सिंहीण काचेच्या अगदी जवळ बसली होती. दोन पिल्लं दूध पिऊन राहिली होती. माझी नजरच हटेना.

सून आली नाही. निघायच्या वेळीच तिच्या अंगावर जाऊ लागलं, म्हणून मी तिले खोलीत बाजूले बसवलं. ताट दाराबाहेर ठेवलं. ती रडून राहिली होती, "आत्याबाई, मले तिसरा महिना आहे, हे पाळीचं नाही. डॉक्टरले बोलवा." मी म्हटलं, विटाळात परक्या माणसाचा हात लावून घेशील काय वं? गिरिधर थांबतो म्हणे. त्याले म्हटलं, तू काहून थांबतं गा, तुले तिले शिवता येते काय?

संध्याकाळी परत आलो तं जहाजाच्या दवाखान्यात नेलं होतं तिले. मूल गेलं म्हणतात. पोरगी आता ताटाले हात लावत नाही. गिरिधरही जेवला नाही. दोघंही नाजूक.

धंतोलीच्या विहीणबाईले सांगा, पोरगी खुशाल आहे. तुळशीले पाणी घालता ना?

उद्या हत्ती दाखवणार आहेत. सुनेचे पाच दिवस झाले नाहीत, तवा मोटारीतली तिची जागा रिकामीच राहील. तिथं मी फराळाचा डबा ठेवीन.

तुमच्या पायाशी,
इंदू