तंगुसानं बांधलेला चापडा

९ जुलै
कोकणात वेळशेतच्या रानात बघितलेला साप मेला. वनक्षेत्रपाल बाईंनी दुपारी फोनवर सांगितलं, मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मलबारी चापडा. मासे धरायच्या तंगुसानं फांदीला बांधलेला, मधल्या अंगाला दोन वेढे. जखमेत मुंग्या. चार-पाच दिवस तसाच असावा. गाईड मिलिंदला नोटीस गेली, सुनावणी २२ ला.

"रविवारी तुमच्या पुरवणीत आला तो फोटो याच सापाचा," बाई म्हणाल्या. "छापलेल्यात तंगूस दिसत नाही. मूळ फोटो पाठवा."

पाठवतो म्हणालो. अजून पाठवलेला नाही.

मिलिंद म्हणजे सास्तूरच्या दिगंबरचा मुलगा. दिगंबर आणि मी शाळेत एका बाकावर. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलगा कामासाठी कोकणात गेला, जंगलाच्या नादी लागला, वनखात्याचं गाईडचं कार्ड मिळवलं. आमच्याकडं पळस-बाभळीला जंगल म्हणतात, आणि हा किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्यांना सदाहरित रान दाखवतो. लेख त्याच्यावरच होता. मथळा ‘उघड्या माळाचा पोरगा, गच्च रानाचा वाटाड्या’. तेव्हा बरा वाटला होता.



१० जुलै
ती फेरी कशी झाली ते लिहून ठेवतो. नंतर मी ती मनातल्या मनात नीटनेटकी करून टाकीन.

३ तारीख, सकाळ. कळंबच्या आडत व्यापाऱ्यांची सहल, एकोणीस जण, मी पेपरतर्फे. आदला दिवस समुद्रात गेलेला, त्यामुळं निम्म्यांच्या चपलांत अजून वाळू. मिलिंद पुढं. हळू बोलत होता, लोकांनीही हळू बोलावं म्हणून. नखाएवढा बेडूक दाखवला. कुजक्या लाकडावरची नारिंगी बुरशी दाखवली. कुणी बघेना. गटाचे म्होरके शेषेराव म्हणाले, "बेडूक काय दावतो रं? आमच्या हिरीत लई हायत, ये एकदा मोजायला." हशा. कुरकुऱ्यांची पाकिटं वाटेवर. एकाच्या खिशात गाणी चालू. पायाला जळवा लागल्या तेव्हा एकानं लायटर काढला आणि एकेक जाळत बसला, वळवळताना मोबाईलमध्ये घेत. त्याची बायको म्हणाली, "पुरे की आता." तो म्हणाला, "माझंच रगत हाय, मी काय बी करीन."

मग वळणावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, साप. हिरवा, अंगावर तपकिरी नक्षी. सगळे धावले. शेषेरावांनी छत्रीच्या टोकानं डिवचला. "जित्ता हाय का प्लास्टिकचा?" सापानं मान उचलली. शेपटी हलली. मधलं अंग हललं नाही.

मी ते बघितलं. चापडा सुस्तच असतो असं कुठंतरी वाचलेलं, तेवढ्यावर भागवलं.

मिलिंद म्हणाला, "काका, फोटो काढा लवकर. पुढं जाऊ." माझ्याकडं न बघता.

११ जुलै
मोबाईलमध्ये निरोप तसाच आहे. ३ तारखेचा, संध्याकाळी सातचा, पान लावणाऱ्या मुलीचा: "फांदीजवळ दोरा चमकतोय. काढू?" माझं उत्तर: "काढ. पान छपाईला सोड."

कसला दोरा, हे मी तिला विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

आणि त्याच्या आधीचं. धाराशिवहून निघतानाच पानाचा आराखडा देऊन आलो होतो: वर तीन कॉलम, साप. पुरवणीचं पान आधी आखायचं आणि जग नंतर त्यात बसवायचं, आमच्या धंद्याची ही जुनी खोड. आंब्याचा मोहर, यात्रेची गर्दी, सगळ्यांच्या चौकटी आधी. तोवर त्यात कुणाचा जीव गेलेला नव्हता. निदान मला माहीत नाही.

निघायच्या आधी फोन केला होता मिलिंदला.
"साप पाहिजे बरं का. जागा सोडून आलोय."
"दिसला तर दावतो काका. ते काय आपल्या हातात असतंय का?"
"बघ बाबा काहीतरी. तुझंच नाव होईल."

हे ‘काहीतरी’ मीच म्हणालो.

१२ जुलै
मि.चा फोन.
"काका, त्यो फोटो मोबाईलात हाय का अजून?"
"आहे."
"डिलिट करा."
का, ते विचारलं. मग त्यानं सांगितलं. बांधला त्यानंच, आदल्या दिवशी संध्याकाळी, साप उचलायच्या आकडीनं धरून. गट उतरला होता त्या रिसॉर्टच्या मालकानं सांगितलेलं, पेपरवाला येतोय, गट मोठा आहे, साप दिसलाच पाहिजे. "आन् तुमी बी म्हणला होता, म्हणून..."

सोडला का नाहीस, विचारलं.
"त्याच सांजंला गेलतो सोडायला. मालक म्हणला, ऱ्हाऊ दे, रविवारपातूर गट हायत."
"म्हणजे रोज बघत होतास?"
"व्हय."
"मुंग्यासुद्धा?"

"पोरीला इथंच शाळंत घातलंय काका. कार्ड गेलं तर हितं मला कोण उभं करतंय? मालक आत्ताच म्हणतोय, गाईडनं परस्पर केलं, मला काय म्हाईत."

मालकाची किळस यायला हवी, येतेही. पण त्या ‘व्हय’ची जास्त आली. आणि फोन ठेवून तळहात पँटला पुसला तेव्हा कळलं, ती किळस तेवढ्यावर थांबणारी नाही, माझ्यापर्यंत येणार.

१४ जुलै
वहिनी आल्या, मिलिंदची आई. सास्तूरहून सकाळच्या एसटीनं. पाणी प्यायल्या, चहाला नको म्हणाल्या. मुलानं त्यांना सांगितलेलं: वनखात्याचा गैरसमज झालाय, काकाला सांग फोटो देऊ नका.

मी फोटो दाखवला. मोठा करून. चष्मा घालून बराच वेळ बघत होत्या.
"ह्यो दोरा?"
"हो. तंगूस."
"त्यानं बांधला?"
"हो."
"रोज सांजंला इहारात पंचशील म्हणत वाढलं हे लेकरू. पयलं शील काय हाय, भाऊ?"
मला ठाऊक होतं. कुणाचा जीव घेणार नाही.
"आन् फोटू तुमी काढला."
"हो."
"दोरा दिसला न्हाय?"
त्या पानाची भानगड मी सगळी सांगितली. वहिनी खुर्चीवरून उठून उंबऱ्याजवळ जाऊन बसल्या. जाताना म्हणाल्या, "दोगं बी शिकल्याली माणसं." एवढंच. एसटी स्टँडवर सोडतो म्हणालो तर हातानंच नको म्हणाल्या.

१५ जुलै
शेषेरावांचा फोन. फोटो झकास आलाय, आडतीवर फ्रेम करून लावायचा आहे, मूळ पाठवा, मोठ्ठा. साप मेल्याचं सांगितलं. "अरारा. आमी आलो तवा तर ठणठणीत होता." मग, "पर फोटू पाठवा बरं का."

संपादकांना दुपारी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "छापलेला फोटो द्या हवा तर, पण मूळ फाईल मोबाईलमधून उडाली म्हणा. पानावर खाडाखोड झाली हे कुठं येता कामा नये. दोरा काय, फांदीची सावलीही असू शकते." मी म्हणालो, सावली आपण काढत नाही.

फोटो दिला नाही तर मि. कदाचित सुटतो, आणि तो मालक पुढच्या गटासाठी दुसरा साप सांगतो. नुसता फोटो दिला तर मि. एकटा अडकतो. तिसरी वाट सगळ्यात सोपी आणि म्हणूनच इतके दिवस दिसत नव्हती.

१७ जुलै
आधी मि.ला फोन. सांगितलं, फोटो पाठवतोय. सोबत माझा जबाब: साप मी मागितला, जागा आधी सोडली, तंगूस पानावरून मी काढायला लावला. पान लावणाऱ्या मुलीशी झालेले निरोपही जोडतोय, तिचं नाव झाकून. मालकाचं नाव तुझं तू सांगायचंस.
"म्हणजे कार्ड गेलंच," मि. म्हणाला.
"जाईल बहुतेक."
"तुमचं काय जाणार काका?"
त्यानं फोन ठेवला.

अकरा वाजता पाठवलं. मग त्या सकाळी काढलेल्या अकरा फोटोंतले बाकीचे बघितले. आठव्यात सापाच्या मागं, धूसर, मिलिंदचा चेहरा आहे. तो तोंड फिरवून उभा आहे.

संपादकांना प्रत दिली. वाचून म्हणाले, पुढची पुरवणी दुसरं कुणीतरी बघेल.

१९ जुलै
बाईंचं उत्तर आलं. फोटो आणि जबाब मिळाला. २२ ला अकरा वाजता रेंज ऑफिसात तिघांना बोलावलंय: मि., मालक आणि मी. कार्ड या हंगामापुरतं थांबवायचं की कायमचं काढायचं, आणि गुन्हा कुणाकुणावर, ते त्या दिवशी ठरेल. मालकानं वकील घेतल्याचं त्यांच्या कानावर आहे.

वहिनींचा फोन आला. २१ ला दुपारी धाराशिवला पोचतात, संध्याकाळच्या गाडीनं दोघं निघायचं. "मी त्याच्या बाजूनं बोलाय येत न्हाय, भाऊ. पर तिथं त्यो एकटा ऱ्हाऊ ने."

दोन तिकिटं काढली. मि. कालपासून फोन उचलत नाही. त्याची बायको म्हणते, सकाळी रानात जातो, अंधार पडल्यावर येतो, पाहुणे कुणी सोबत नसतात. २२ ला येईल का, विचारलं. ती म्हणाली, "त्यानलाच ठावं."