लोकल चॅनलवरची मॅच

३ एप्रिल, गुरुवार

स्पोर्ट्सचे सगळे चॅनल गेले. सगळे! सकाळी बटण दाबलं तर निळा पडदा आणि खाली इंग्रजीत एक ओळ. वाचता आली तेवढी वाचली — अधिक माहितीसाठी आपल्या केबलवाल्याला विचारा. केबलवाला म्हणजे आम्ही. म्हणजे मलाच विचारा!

आमचे मालक उमाजीकाका म्हणाले, वरची कंपनी आणि चॅनलवाले यांचं भावावरून फाटलंय. फाटलं त्यांचं, शिव्या आम्हाला. तक्रारीचा फोन दुपारपर्यंत तव्यासारखा तापला. एका बाईंनी तेलुगूत असं काही सुनावलं की अर्धंच समजलं ते बरं झालं.

हैदराबादला, या अंबरपेठेत येऊन मला चार महिने झाले. एवढा मी कुठंच टिकलो नाही. नांदेडला हॉटेल, पुण्यात कुरिअर, मधेच गोवा. काका आईच्या गावचे. ‘चार दिवस राहा, वायरी ओढायला हात लाव’ म्हणाले, ते अजून ओढतोय. झोपतो ऑफिसातच, चॅनल सोडायच्या मशिनीशेजारी. आता हे चॅनलवाले मला इथूनही हलवतात की काय.

४ एप्रिल, शुक्रवार

महिन्याचे पैसे गोळा करायला गेलो. सगळ्यांचं एकच — आधी क्रिकेट, मग पैसे. जसं काय मी खिशात घालून फिरतोय क्रिकेट.

नव्या बिल्डिंगमधल्या रसिकाताईंनी तर दारातच पिशवी दिली. आत बॉक्स, वायर, रिमोट. रिमोटच्या बॅटऱ्यासुद्धा काढून कागदात गुंडाळलेल्या! पुण्याची माणसं. नवरा अमेय कंप्युटरमध्ये. ‘दादा, राग मानू नका, आम्ही आता ॲपवरच बघतो सगळं. दोन-दोन ठिकाणी कशाला भरायचं?’ राग मानू नका म्हणे. मागच्या महिन्यात यांच्यासाठी भर उन्हात गच्चीवर चढून लाइन जोडून दिली होती मी. पाणी पण विचारलं नव्हतं. नाही, विचारलं होतं. पण थंड नव्हतं.

तीन जिने रागातच उतरलो. खाली एक बँडवाला फुटपाथवर बसून तुतारीचा पोचा आतून काठी घालून बाहेर काढत होता. ते बघत बसलो. वसुली राहिली.

६ एप्रिल, रविवार

आज मात्र मन भरून आलं.

एकनाथरावांच्या गच्चीवर गल्लीतले दहाबारा जण जमले होते. एकनाथराव वीज ऑफिसातून रिटायर झालेले, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन. मला मुद्दाम बोलावलं, कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. आरोपीसारखं!

एक म्हणाला, मोबाइलवर बघू. दुसरा म्हणाला, मोबाइलवर बॉल दिसत नाही, नुसती माणसं पळताना दिसतात. तिसऱ्याने टीव्हीच्या मागे लावायची ॲपची कांडी आणायची म्हटलं. चौथा म्हणे फायबरच घ्या, ॲप फुकट येतं. फुकट किती दिवस, ते त्याला ठाऊक नव्हतं. अर्धा तास भाव काढत होते, भाजीबाजारात काढतात तसे. मला वाटलं, संपलं.

मग एकनाथराव बोलले. ‘उमाजीने पहिली वायर या गच्चीवरून ओढली. गुंडाळी खांद्यावर घेऊन शिडी चढला होता. आज दोन-चार चॅनल गेले म्हणून त्याला सोडायचं? मग आपण शेजारी कसले, आपण गिऱ्हाईकच.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीच सोडणार नाही असं ठरलं.

पळत येऊन काकांना सांगितलं. ते मशिनीवरची धूळ पुसत होते. पुसतच राहिले. ‘एकनाथराव मोठा माणूस,’ एवढंच म्हणाले. आणि मग, ‘सौरभ, एक तारखेपर्यंत सगळ्यांना सांभाळ. एकसुद्धा कनेक्शन सुटू देऊ नको.’

नाही सुटणार! आईशप्पथ.

७ एप्रिल, सोमवार

उंदराने वायर खाल्ली. दोन गल्ल्या बंद. लोकांना तेही चॅनलवाल्यांचंच काम वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

फायबरवाल्यांची पोरं आली होती, लाल टी-शर्ट घालून. आमच्याच खांबाखाली उभं राहून पत्रकं वाटत होती. आमच्याच! मी म्हटलं, मियाँ, दुसरा खांब बघा. तो म्हणाला, खांब तुमच्या नावावर आहे का? एकनाथराव बाल्कनीतून म्हणाले, दोघांच्याही नावावर नाही, खांब वीज खात्याचा आहे. सगळे हसले. मी नाही.

दुपारभर घरोघर फिरलो. चॅनल परत येणार, आठ दिवस थांबा, बोलणी चालू आहेत — हे काकांनी सांगितलेलं मी पोपटासारखं म्हणतोय. लोकही गोड बोलतात. ‘हौ हौ, आम्ही कुठं जातोय.’ एका आजोबांनी तर सरबत पाजलं. रसिकाताई जिन्यात दिसल्या, मी तोंड फिरवलं. ‘दादा, बरं आहे ना?’ म्हणाल्या. असली चौकशी नक्को.

१२ एप्रिल, शनिवार

सुचलं!

आमचा लोकल चॅनल आहे की. गल्लीतले वाढदिवस, साडीच्या दुकानाच्या जाहिराती, बोनालूच्या जत्रेचं शूटिंग — हे सगळं ऑफिसातूनच जातं. मग मॅच का नाही जाणार? काकांच्या मोबाइलवर ॲप घ्यायचं, मोबाइल मशिनीला जोडायचा, की मोबाइलवर जे दिसेल ते घरोघर. ज्यांनी आमचा गळा धरला त्यांचीच मॅच त्यांच्याच ॲपवरून काढून आमच्या गल्लीला दाखवायची!

काका घाबरले. ‘हे चोरीत बसतं रे.’ आणि आपल्याशी झालं ते कशात बसतं? मी बराच वेळ बोललो. हात हलवून बोललो. शेवटी म्हणाले, एकच मॅच. पुढच्या रविवारची, हैदराबादची. आणि बाहेर बोलायचं नाही.

बाहेर बोलल्याशिवाय लोक लावणार कसे? मी घरोघर कानात सांगून आलो. एकनाथरावांनी पाठ थोपटली.

१५ एप्रिल, मंगळवार

मोबाइल जोडायची वायर आणायला कोठीच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला अफझलगंजात स्वस्त मिळेल. नदीकडे चालत निघालो तर उकाड्याने जीव गेला, म्हणून वाटेतल्या सरकारी लायब्ररीत शिरलो. मोठे पंखे, थंड फरशी. मराठी पेपर उघडला. पाचवीनंतर छापील मराठी असं समोर घेऊन बसलोच नव्हतो. बोट ठेवून वाचावं लागलं. अग्रलेखात ‘ग्राहकांची पिळवणूक’ असं होतं. आमच्याविषयी नव्हतं, पाण्याच्या टँकरविषयी होतं, पण मी आमच्याविषयीच वाचलं.

वायर विसरलो. उद्या परत जाणं आलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

पहिल्या वायरने नुसता आवाज आला, पडदा काळा. दुकानदाराशी भांडून एक छोटी डबी आणली. मधे ती लावली आणि आला फोटो! काकांच्या मोबाइलवरचा त्यांच्या नातीचा फोटो आमच्या चॅनलवर, भिंतीएवढा. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

२० एप्रिल, रविवार

आज सगळं नीट लिहायचं म्हणतोय.

काका-काकू लग्नाला गेले. मोबाइल मशिनीला जोडून माझ्या स्वाधीन. ‘हलवू नको, मॅच संपेपर्यंत हात लावू नको.’ तक्रारीचा वेगळा फोन माझ्या मांडीवर.

मॅच लागली. चित्र स्वच्छ. ऑफिसात एकटा होतो तरी टाळ्या वाजवल्या मी.

एक गोष्ट विचित्र. आमच्या पडद्यावर बॉलर अजून पळतच असायचा आणि गल्लीतून ओरडा यायचा — आउट! मग आमच्याकडे तो आउट व्हायचा. दर वेळी. मला वाटलं नव्या बिल्डिंगमधली ती ॲपवाली मंडळी असतील. माजलीत!

आणि मग अर्ध्या मॅचला पडद्यावर, वरच्या बाजूला, मेसेज. काकांचा मोबाइल जोडला म्हणजे काकांचे मेसेजही जाणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. नाव होतं ‘अविनाश फायबर’. मराठीतच होता, हे एवढं एवढं अक्षर. मी बोट न ठेवता वाचला.

‘काका, कागद तयार आहेत. एक तारखेला सगळी लाइन आमच्या नावावर. तोवर गिऱ्हाईक गळू देऊ नका, पैसे कनेक्शनमागे आहेत.’

खाली दुसरा आला. ‘चॅनल परत येणार असं सांगत राहा.’ मग त्याचा फोनच आला. मॅच गायब, भर पडद्यावर नुसतं नाव. वाजतंय, वाजतंय. मला कापायचंही सुचेना. हलवू नको म्हणाले होते!

म्हणजे विकून बसले होते. मला उन्हातान्हात दारोदार फिरवलं, खोटं बोलायला लावलं, मी शपथ घेतली आईची! आणि आता सगळ्या गल्लीने वाचलं. मी तक्रारीचा फोन हातात धरून बसलो. आता वाजेल. एकनाथराव पहिले. काय सांगू त्यांना?

वाजला नाही.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन बिघडला म्हणून माझ्या मोबाइलवरून लावून बघितला. चांगला होता. तेव्हा वाटलं, लोक थेट ऑफिसावर चालून येतील. आपणच जावं. एकनाथरावांकडे पळालो.

दार उघडं. हॉल भरलेला, त्या दिवशी गच्चीवर होते तेच सगळे. मॅच चालू. ऑफिसातून निघालो तेव्हा जी ओव्हर सुरूही झाली नव्हती, ती इथे संपून जाहिरात लागली होती. टीव्हीच्या मागे कांडी. आमचा बॉक्स खाली कप्प्यात, दिवा बंद, वर पानाचा डबा ठेवलेला.

एकनाथराव उठले. ‘अरे ये ये. हे जावयाने लावून दिलंय. तात्पुरतं.’

‘कधीपासून?’

‘बस ना आधी.’ मग मला दाराशी आणून हळूच म्हणाले, ‘उमाजीला बोलू नको. कनेक्शन कोणी तोडणार नाही, पैसे देत राहू. त्याला वाईट नको वाटायला.’

गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. प्रत्येक खिडकीत मॅच, आणि सगळीकडे एकच चेंडू, आमच्या पुढे गेलेला. हौ हौवाले, सरबतवाले, सगळे. आमचा चॅनल कुठेच नाही. एका घरात नाही! रसिकाताई खालीच उभ्या होत्या, मुलाला फिरवत. त्यांनी निदान बॅटऱ्या परत दिल्या होत्या.

काका गल्लीला फसवतायत, गल्ली काकांना जपतेय, आणि मधे मी गाढव. पिशवी भरली. सकाळी काकांना तोंडावर सांगणार, की तुमचं गुपित भिंतीएवढं होऊन गेलं आणि बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि मग स्टेशन.

२१ एप्रिल, सोमवार

काका सकाळी आले, लग्नातले लाडू घेऊन. मोबाइल उचलला, मेसेज बघितले, आणि होते तिथेच खाली बसले.

‘हे टीव्हीवर गेलं?’

‘गेलं.’

‘लोकांनी बघितलं?’

पिशवी पायाशी होती. सगळं जिभेवर तयार होतं. काकांचा चेहरा बघितला.

‘बघितलं ना,’ म्हणालो. ‘फोन थांबत नव्हता. लई शिव्या दिल्या.’

‘एकनाथराव?’

‘सगळ्यात जास्त त्यांनीच.’

काकांनी मान वर केली. डोळे भरलेले, आणि चेहरा असा खुललेला की मी चार महिन्यांत बघितला नव्हता.

‘आणखी कोण कोण?’

मी गल्लीच्या तोंडापासून सुरू केलं. एकेक घर.