नवसाचं माणूस

२० ऑक्टोबर २०२४

दसऱ्याला सोडली ती सोडलीच! आज पगाराचा दिवस, आणि हे कंपनीतून थेट घरी आले. तोंडाला वास नाही, पाय अडखळत नाहीत. मी उगाचच भाजी ढवळत राहिले, डोळ्यातलं पाणी दिसू नये म्हणून. आत्याबाई मात्र उंबऱ्यात बसून मोठ्याने रडल्या. सासूने रडायचं आणि सुनेने भाजी ढवळायची, हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे.

हे सगळं त्या बैठकीमुळे. पाटसच्या पुढे कुणी माई आहेत, त्यांचं धाम आहे. तिथली माणसं आता आमच्या तळेगावातही बैठक घेतात. आधी भजन, मग एकेकाने उठून ‘अनुभव’ सांगायचा, मग खिचडी. ह्यांनी म्हणे सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं — “मी बायकोला मारलं हाय.” माझ्यापाशी कधी कबूल केलं नाही ते परक्यांपुढे केलं! ऐकून मी गारच पडले. राग यावा की बरं वाटावं, अजून ठरवता आलेलं नाही.

२ नोव्हेंबर

पाडवा. ह्यांनी स्वतः शिडीवर चढून आकाशकंदील लावला. वैष्णवी खालून ओरडत होती, “पप्पा, वाकडा झाला!” ते हसले. तिने किती वर्षांनी बापाला हसताना पाहिलं असेल!

पुढची बैठक आमच्याच अंगणात घ्यायची ठरली आहे. खिचडी मी करणार. माझ्या खानावळीचं मोठं पातेलं आहेच.

१० नोव्हेंबर

बैठक झाली. अंगण भरलं. खिचडी चाटूनपुसून संपली. माई स्वतः आल्या होत्या — गोरटेल्या, हसऱ्या, मऊ आवाजाच्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “ह्या हाताला चव हाय गं.” खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते.

८ डिसेंबर

माणसं आता ‘राम राम’ म्हणत नाहीत. दारातून आत येताना म्हणतात, “माई बघत्यात.” ह्यांनी, आत्याबाईंनी मनगटाला पिवळा धागा बांधून घेतला. मला विचारलं. म्हटलं, मला सकाळी कंपनीतल्या पोरांचे डबे असतात, धाग्याला पीठ लागेल. हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत.

१३ जानेवारी २०२५

भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, मिसळीची भाजी केली, वर लोण्याचा गोळा. ह्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं.

“सविता, राग मानू नको. धागा बांधलेल्या मानसाला बाहेरच्या हाताचं चालत न्हाई.”

बाहेरचा हात! ह्या घरात आल्या दिवसापासून पीठ मळतोय हा हात. दारू पिऊन उलट्या केल्या तेव्हा हाच हात पुसत होता, तेव्हा तो आतला होता वाटतं!

आत्याबाईंनी पडवीत वेगळी शेगडी मांडलीये. एका घरात दोन चुली, आणि भांडण कुणाशीच नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

सुगराबी माझ्याबरोबर पोळ्या लाटायला येते, तिने सगळं पाहिलं. म्हणाली, “सविताताई, आमच्या ईदचा शीरखुर्मा तुमच्या घरात वाट्या पुसून खात्यात. आन् आता तुमच्याच हाताचं चालंना? ह्ये कसलं सोवळं म्हनायचं?” उत्तर प्रदेशातली, बिहारची पोरं माझ्या डब्याची वाट पाहतात आणि माझ्या घरची माणसं माझ्या ताटाकडे बघत नाहीत.

वैष्णवी माझ्या शेजारी येऊन बसली आणि मुद्दाम मोठमोठे घास घेऊन जेवली. माझी वाघीण!

९ फेब्रुवारी

वैष्णवीनेही धागा बांधला. बारावीची परीक्षा तोंडावर, आणि हिचं हे. मी चिडले तर म्हणाली, “आई, दोराच हाय नुसता. पप्पांना बरं वाटतं. त्यांना बरं वाटलं की ते पीत न्हाईत.”

आज ती पडवीत जेवली. माझ्याकडे न बघता.

१९ मार्च

पेपर संपले. नर्सिंगला जायचं म्हणते. शिरूरला चौकशी करून ये म्हणाली. जाईन म्हटलं, डब्यातून एक दिवस काढते.

२ एप्रिल

आज आत्याबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

दसऱ्याच्या आधी आत्याबाईंनी माईंपुढे नवस बोलला होता — माझ्या गोकुळची दारू सुटू दे, घरातलं एक माणूस सेवेला देईन. आपल्याकडे बोलतातच की नवस! कोण नारळाचं तोरण बोलतं, कोण पेढे. आत्याबाईंनी माणूस बोललं. मनात स्वतःलाच धरलं होतं. म्हातारपणी कुठंतरी भजन करत पडायचं, एवढाच हिशोब.

कालच्या बैठकीत माईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “झुंबरबाई, नवस फेडायचा राहिला न्हवं?” आत्याबाई लगेच उठल्या, “मी येते की उद्याच्या उद्या.” तर माई हसल्या. म्हणाल्या, “देवाला वाळकं फूल वाहत्यात का?” आणि वैष्णवीकडे पाहिलं.

ह्यांनी मान खाली घातली. बापाने मान खाली घातली!

मी वैष्णवीला आत ओढून नेलं, दार लावलं. तीच म्हणाली, “आठ दिवसांची सेवा हाय आई. करून येते. नवस फिटंल, आजीचा जीव भांड्यात पडंल. मग शिरूरला जाऊ आपण.” मी रडले, ओरडले, तिचे कपडे पिशवीतून काढून फेकले. तिने ते परत घड्या घालून भरले. जाताना मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “पप्पा परत प्यायला लागायला नकोत गं.”

जेजुरीला पूर्वी पोरींना मुरळी म्हणून सोडायचे. आपण म्हणायचो, अडाणी लोक. आता सेविका म्हणतात, एवढाच फरक.

२० एप्रिल

आठ दिवस कधीच होऊन गेले. आज हे आणि आत्याबाई भेटायला निघाले, मी मागोमाग गाडीत बसले. न्हावरा, चौफुला, वरवंड — एकेक गाव मोजत गेले. धामाच्या फाटकाशी सेविकेने माझं मनगट पाहिलं. “धागा न्हाई? मग तुम्हांला इथंच थांबावं लागंल.” पोटच्या पोरीला भेटायला मनगट दाखवायचं!

ते दोघं आत गेले. मी फाटकाबाहेर उन्हात बसले. बेसनाच्या वड्या नेल्या होत्या, तो डबा ह्यांच्याजवळ दिला होता. तसाच परत आला. “बरी हाय,” एवढंच सांगितलं. काय घातलंय, केस धुते का, हसली का — ह्यांना काही सांगता येईना.

५ मे

निकाल लागला. फर्स्ट क्लास! सुगराबीच्या पोरीने, सनाने, मोबाईलवर काढून दाखवला. पेढे आणले आणि कुणाला द्यायचे ते कळेना. डब्याच्या पोरांना वाटले.

८ मे

वैष्णवीचा फोन. “आई, मी इथे अतिशय आनंदात आहे. तू काळजी करू नकोस.”

आमची पोरगी असं बोलत नाही. ‘मस्त हाय’ म्हणते, ‘भारी हाय’ म्हणते. अतिशय आनंदात! शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं. मी निकाल सांगितला. आणि फोन बंद झाला.

१९ मे

धामाकडच्या पोलिसांकडे जाऊन आले. साहेब सभ्य होते, चहाही सांगितला. समोरच धामात फोन लावला, वैष्णवीला बोलावून घेतलं. तिने सांगितलं, मी माझ्या मर्जीने राहते. साहेब म्हणाले, “बाई, पोरगी सज्ञान हाय. तिचा बाप म्हनतो तक्रार न्हाई. आम्ही काय करनार सांगा?”

जानेवारीत अठराची झाली. मीच केक आणला होता.

परत येताना वरवंडला पप्पूकडे उतरले. सख्खा भाऊ! वाटलं, चार माणसं घेऊन चल म्हणेल. तर तो म्हणतो, “ताई, दाजींची दारू सुटली न्हवं? मार बंद झाला न्हवं? मग कशाला मोडती बसलेली घडी? आन् त्यांची मतं किती हायत ठाऊक हाय का, सोसायटीचं इलेक्शन हाय माझं.” वहिनीने चहा दिला. प्याले. काय करणार, तोंडावर फेकायची हिंमत नव्हती.

११ जून

आज ह्यांच्या पाया पडले. होय, पडले. म्हटलं, पोरीला आणा, मी तुमचं सगळं ऐकेन. ते पलंगावर लहान पोरासारखे अंग चोरून बसले. “तिला आनली तर ती परत येनार गं.” मला आधी कळेचना, कोण ‘ती’? दारू! नवस मोडला की दारू परत येणार, असं माईंनी सांगून ठेवलंय. “मला माझा भरवसा न्हाई सविता. तिथं पोरगी हाय, म्हनून मी असा हाय.”

ह्यांना खरंच तसं वाटतं. ढोंग असतं तर मी लढले असते. खऱ्याशी कसं लढू?

आणि लिहिते ते इथेच राहू दे — क्षणभर मलाही वाटलं, परत प्यायला लागले तर? त्या एका क्षणासाठी मला माझीच शिसारी आली.

१२ जून

आत्याबाई पडवीत बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. “माझ्या जिभंला आग लागू दे. मी मला बोलले हुते गं, मला बोलले हुते.” मी त्यांचा हात धरला. माझ्या हातचं पाणी दिलं. प्यायल्या नाहीत. तहानेने ओठ सुकले होते तरी नाही.

२९ जून

दुसरा मार्गच नाही. धागा बांधते. आत तरी जाता येईल. एकदा पोर नजरेला पडली की हाताला धरून बाहेर काढेन, मग बघू कोण काय करतं. मनातून मी कुणाची नाही. नाटक करायचं, बस. सुगराबीला तेवढं सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. “करा ताई. पर त्ये लोक बी कच्चे न्हाईत.”

१० जुलै

गुरुपौर्णिमा. धामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. माझ्या मनगटाला माईंनी स्वतः धागा बांधला. मला वाटलं, झालं, आता पोरीला भेटवतील. तर माईक हातात दिला. “आधी अनुभव सांग, बाळ. तू लई दिवस बाहेर ऱ्हायलीस. तुझं लोक ऐकत्यात.”

पुढे एवढी माणसं, बाजूला मोबाईल धरून उभी पोरं. म्हटलं, सांगून टाक, शब्दच आहेत. सांगितलं — माझा नवरा प्यायचा, मारायचा. माईंनी माणूस परत दिला. मी आंधळी होते, माझी लेक शहाणी निघाली, तिने आधी ओळखलं. दारूचं खरंच होतं, त्यामुळे आवाज भरून आला, रडूही खरंच आलं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. हे तर हुंदके देत होते. मला माझंच भय वाटलं, किती छान जमलं ते!

भेट आज नाही. “पोरींची आज मोठी सेवा हाय, पुढल्या आठवड्यात या.”

संध्याकाळी घरी सगळ्यांनी माझ्या हातची आमटी खाल्ली. आत्याबाईंनी दोनदा मागून घेतली.

१४ जुलै

सकाळी राजश्री आली, पलीकडच्या गल्लीतली. तिचाही नवरा पितो. लेकीला हाताला धरून आली होती. “काकी, तुमचा व्हिडिओ बघितला मोबाईलच्या गुरूपवर. दहा जनींनी सांगितलं तरी माझा इश्वास न्हवता. म्हनलं, सविताकाकी म्हनत्यात म्हंजी खरंच आसंल. शनिवारी आमी बी येतो.”

नको येऊस म्हणायचं होतं. पडवीतून आत्याबाई ऐकत होत्या, हे दाढी करत होते. मी म्हटलं, “ये.” तिची लेक माझ्याकडे बघून हसली. तिचे पुढचे दात पडलेत.

पण आधी माझी बाहेर काढू दे. मग राजश्रीला सगळं सांगेन. नक्की सांगेन!

२० जुलै

भेट झाली. बारीक झालीये, केस कापलेत. दोन्हीकडे सेविका बसल्या होत्या. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला, आणि अगदी हळू म्हणाली —

“आई, मी त्यांना रोज सांगायची, कायमची शपथ घेनार न्हाई, माझी आई ह्ये मानत न्हाई, ती मला न्यायला येनार. पौर्निमेला त्यांनी तुझा व्हिडिओ दाखवला. मग घेतली.”